धने, नारिंगाची साल आणि हूगार्डनचा दूधवाला

आजचा विषय आहे बिअर. लगेच आवाज कमी करू नका. घरात आजी-आजोबा ऐकत असतील तर त्यांनाही ऐकू द्या, कारण आजच्या गोष्टीत पिण्यापेक्षा धने जास्त आहेत. आणि आधीच सांगतो, घरी कशी बनवायची याची कृती या भागात मिळणार नाही. आपण बहारीनमध्ये राहतो. इथे मद्याचा व्यवहार परवान्याने चालतो आणि पाहुण्याने यजमानाच्या घरची रीत पाळायची असते. मला सांगायचाय तो एका कृतीचा इतिहास. ती कुठून कुठे गेली, जवळजवळ मेली कशी, आणि एका दूधवाल्याने ती कशी वाचवली.

बेल्जियममध्ये गव्हाची एक बिअर करतात. तिकडे तिला ‘विटबिअर’ म्हणतात, म्हणजे पांढरी बिअर. रंग फिकट पिवळा आणि लिंबाच्या सरबतासारखी गढूळ. हा गढूळपणा दोष नाही. त्यात गव्हातली प्रथिनं आणि न गाळलेलं यीस्ट तरंगत असतं. साधारण निम्मं जवाचं माल्ट आणि निम्मा कच्चा गहू असं तिचं धान्य. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. जवाला मोड आला की त्यात पिठाची साखर करणारी एन्झाइम्स तयार होतात. ती इतकी भरपूर असतात की स्वतःचं काम उरकून शेजारच्या कच्च्या गव्हाचंही करतात. बाळासाठी नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या आपल्या आज्यांना यातलं अर्धं रसायन हाताने ठाऊक होतं, नाव माहीत नसलं तरी.

आता मसाला. हॉप्स नावाची कडू फुलं आजच्या जवळजवळ सगळ्याच बिअरमध्ये असतात, इथे ती अगदी बेताची. खरी चव येते ती दोन गोष्टींनी: कुटलेले धने आणि कडू नारिंगाची वाळलेली साल. दोन्ही उकळीच्या अगदी शेवटी टाकायची. कारण तुम्हाला सांगायला नकोच. धन्याचा वास ज्यामुळे येतो ते लिनालूल नावाचं द्रव्य उडून जाणारं आहे. जास्त वेळ उकळलं की वास तुमच्या भांड्यात राहत नाही, शेजाऱ्यांकडे जातो.

या दोन जिनसांची नावं जरा जिभेवर घोळवून पाहा. मनामाच्या सूकमध्ये अरबी दुकानदाराकडे धने मागायचे तर ‘कुझबरा’ म्हणावं लागतं. चार हजार वर्षांपूर्वीच्या मेसोपोटेमियात, अक्कडी भाषेत, धन्याला म्हणत ‘किसिबिर्रु’. आणि संस्कृतात धन्याचं एक जुनं नाव आहे ‘कुस्तुंबुरु’. पाणिनीने त्या शब्दासाठी एक सूत्रच खर्ची घातलंय. कुझबरा, किसिबिर्रु, कुस्तुंबुरु. एका घरातली भावंडं हाक मारल्यावर धावत यावीत तसे हे शब्द येतात. आपलं ‘धने’ दुसऱ्या वाटेने आलं, ‘धान्यक’वरून. तर ज्या धन्याशिवाय आपलं कालवण होत नाही ते मूळचं बहुधा आपलं नाहीच. ते पश्चिमेकडून आलं आणि आपल्याकडे असं रुजलं की आज जगात सगळ्यात जास्त धने भारतात पिकतात.

नारिंगाचं नेमकं उलट. ते फळ आशियाचं. संस्कृतात नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांखा. अरबांनी ते भूमध्य समुद्राच्या काठी नेलं. पुढे स्पॅनिश लोकांनी संत्र्याची झाडं अटलांटिकपार कुरसाव बेटावर लावली. तिथल्या रुक्ष हवेत फळ इतकं कडू झालं की खायला निरुपयोगी, पण सालीला वास असा की त्यावरच बेटाचं नाव झालं. १६३४ साली ते बेट डचांनी घेतलं. बेल्जियमच्या बिअरमध्ये ही साल डच जहाजांमुळे आली असं तिकडे सांगतात. म्हणजे धने पूर्वेला आले, नारिंग पश्चिमेला गेलं, आणि दोघांची गाठ पडली ती युरोपातल्या एका पातेल्यात.

पण बिअर मात्र थेट आपल्या अंगणातली. अंगणातली म्हणजे खरोखरच, इथल्या बुदैया हायवेच्या आसपासची.

बहारीन म्हणजे प्राचीन दिल्मुन. १९५०च्या दशकात पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिब्बी यांच्या डॅनिश पथकाने कलात अल-बहारीन आणि बारबारला उत्खनन सुरू केलं, पुढे सारला वस्तीच्या वस्ती सापडली. तिथे मिळाल्या गोल दगडी मुद्रा, आपल्या जुन्या रुपयाएवढ्या. व्यापाऱ्याने मालाच्या गाठीवर मातीचा गोळा लावून त्यावर उठवायच्या. यातल्या काही मुद्रांवर एक ठरलेलं चित्र आहे: मध्ये मोठं मडकं, बाजूला बसलेली माणसं, आणि मडक्यातून तोंडापर्यंत आलेल्या लांब नळ्या. तेव्हाची बिअर गाळलेली नसे. वर टरफलं तरंगत, म्हणून नळी. साधारण चार हजार वर्षांपूर्वीची ही मुद्रा म्हणजे त्या व्यापाऱ्याची सही. माणूस सहीसाठी असंतसं चित्र निवडत नाही.

याच गावात सिंधू संस्कृतीच्या पद्धतीची वजनंही सापडलीत, आणि गुजरातेत लोथलला दिल्मुनच्या धर्तीची मुद्रा. म्हणजे हिंदुस्थानी माणूस या बेटावर पहिल्यांदा तेलाच्या नोकरीसाठी आला, हा आपला समज चार हजार वर्षांनी चुकतो.

सुमेरी लोकांची बिअरची देवी निनकासी. तिच्या जन्माची कथा ऐका. एन्की देव आजारी पडतो, त्याचे आठ अवयव दुखतात. निनहुरसाग देवी एकेका दुखण्यासाठी एकेका देवतेला जन्म देते. तोंडाच्या दुखण्यासाठी जन्मते निनकासी. आणि त्याच भावंडांतला एक, एनसाग, पुढे दिल्मुनचा स्वामी होतो. ही सगळी कथा सुरू होते ती दिल्मुनच्या स्तुतीनेच. १८७९मध्ये कॅप्टन ड्यूरँडला बहारीनमध्ये जो कोरीव दगड सापडला त्यावर याच देवाचं नाव होतं, इन्झाक. म्हणजे बिअरची देवी आपल्या या बेटाच्या ग्रामदैवताची सख्खी बहीण. मला हे कळलं त्या दिवशी ऑफिसात कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालं होतं. सांगितलं कुणालाच नाही.

निनकासीचं एक स्तोत्र इसवी सनापूर्वी १८००च्या आसपासच्या मातीच्या पाट्यांवर मिळालंय. मिगेल सिव्हिल या विद्वानाने १९६४मध्ये त्याचा अनुवाद केला. ते स्तोत्र म्हणजे देवीची स्तुती करता करता सांगितलेली कृती आहे. मोड आणणं, भिजवणं, शिजवणं, गाळणं, सगळं ओळीने. त्यात सुगंधी द्रव्यं मिसळण्याचाही उल्लेख आहे. १९८९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने सिव्हिल यांना मदतीला घेऊन त्यावरून खरोखर बिअर बनवली. सुमेरी लोक मुख्यतः जव वापरत, पण गव्हाच्या एका जुन्या जातीच्या बिअरला त्यांच्याकडे वेगळं नाव होतं, उलुशिन. तो गहू कोणता? इंग्रजीत त्याला एमर म्हणतात. आपण खपली म्हणतो. सांगली-साताऱ्याकडचा, ज्याची खीर खाऊन आपण पंगतीत आडवे होतो, तोच.

आता उडी मारून युरोपात जाऊ, कारण मधली दोन-अडीच हजार वर्षं मोठी असली तरी आपल्या कृतीसाठी त्यात एकच गोष्ट महत्त्वाची आहे. मध्ययुगात तिकडे बिअरमध्ये हॉप्स नव्हे, तर रानपाल्याचा मसाला घालत. त्याला ‘ग्रुट’ म्हणत, आणि तो विकण्याचा हक्क सरदाराकडे किंवा बिशपकडे असे. तोच कर. मग हॉप्स आले, त्यांनी बिअर टिकू लागली, आणि मसाला मागे पडला. १५१६मध्ये बव्हेरियाने कायदाच केला की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी, बाकी काही नाही. गहू पावासाठी राखायचा हा त्यामागचा एक हेतू. गंमत म्हणजे पुढे तिथल्या ड्यूकांनी गव्हाच्या बिअरचा मक्ता स्वतःकडेच ठेवला आणि त्यावर बक्कळ पैसा केला. शुद्धतेचा आग्रह आणि मक्तेदारी यांचं जुळतं ते असं. धने घातलेली बाहेरची बिअर ‘बिअर’ या नावाने जर्मनीत विकू द्यावीच लागेल, असा निकाल युरोपीय न्यायालयाने दिला तो १९८७मध्ये.

बेल्जियम या कायद्याच्या बाहेर राहिलं. ब्रुसेल्सच्या पूर्वेला हूगार्डन नावाचं गाव आहे. तिकडचे लोक ‘हूखार्दन’ असं काहीसं म्हणतात. हे गाव होतं ब्राबांतच्या मधोमध, पण हद्द लिएजच्या बिशपची. त्यामुळे ब्राबांतचे कर इथे लागत नसत. करमुक्त गाव, आजूबाजूला गव्हाची शेती. कन्सल्टिंगमध्ये याला आम्ही टॅक्स आर्बिट्राज म्हणतो आणि त्याचे पैसे घेतो. अठराव्या शतकात या छोट्या गावात तीसहून जास्त ब्रुअऱ्या होत्या.

मग त्या बंद पडत गेल्या. सीमा बदलल्या, सवलत गेली. पुढे लोकांना स्वच्छ, सोनेरी, थंडगार लागर आवडू लागली. तिच्यापुढे गढूळ बिअर गावंढळ वाटायला लागली, भाकरीपुढे पावाचं जसं काही काळ आपल्याकडे झालं तसं. शेवटची राहिली टॉमसिन यांची ब्रुअरी. १९५०च्या दशकात तीही बंद झाली. गावाच्या नावाची बिअर गावातच मिळेना.

इथे येतो आपला दूधवाला. पिएर सेलिस, जन्म १९२५. टॉमसिनच्या शेजारी वाढलेला, आणि तरुणपणी तिथे हाताखाली काम केलेला. ब्रुअरी बंद पडल्यावर काही वर्षांनी मित्रमंडळींत ‘ती आपली बिअर पुन्हा मिळाली तर’ अशा गप्पा निघाल्या, आणि सेलिसने करून पाहायचं ठरवलं. घरच्या गवताच्या माळ्यावर त्याने भांडी मांडली आणि १९६६मध्ये बिअर विकायला सुरुवात केली. ब्रुअरीला नाव दिलं ‘द क्लाउस’, म्हणजे मठ. आज ज्याला आपण होमब्रुइंग म्हणतो ते अगदी हेच. फरक इतकाच की त्याच्या माळ्यावरून एक अख्खा प्रकार परत आला.

मंडळी, इथे मी जरा थांबणार आहे. माझं रोजचं काम म्हणजे कंपन्यांची जुनी सिस्टिम काढून नवी बसवणं. त्यात सगळ्यात अवघड भाग सॉफ्टवेअरचा नसतो. स्टोअरमधला एखादा माणूस तीस वर्षं एक गोष्ट करत असतो, ती कुठेही लिहिलेली नसते, आणि तो निवृत्त झाला की डब्यात चहाची पूड संपावी तशी ती संपते. एमबीएला याला ‘टॅसिट नॉलेज’ म्हणतात आणि त्यावर अख्खा तास घेतात. हूगार्डनच्या बाबतीत ते ज्ञान पोराटोराच्या वयात पाहिलेलं आणि दूध घालणाऱ्या माणसाच्या डोक्यात पडून राहिलेलं होतं. आणखी वीस वर्षं गेली असती तर ही चव चाखलेली माणसंही उरली नसती, मग बरोबर झालं की चुकलं हे सांगणार कोण? कृती कागदावर मिळते. ‘हो, हीच ती’ असं म्हणणारी जीभ कागदावर मिळत नाही. आपल्याकडे गोड्या मसाल्याचं प्रमाण व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, ग्रॅममध्ये येतं, आणि तरी मस्कतला, लंडनला, न्यू जर्सीला केलेला मसाला आईच्या हातचा लागत नाही, ते यामुळेच. तो भाजताना कधी थांबायचं हे शेजारी उभं राहून शिकायचं असतं.

सेलिसची बिअर चालली. १९७७मध्ये मायकल जॅक्सन या इंग्रज लेखकाने (नाचणारा नव्हे) जगभरच्या बिअरवर पुस्तक लिहिलं आणि बेल्जियमकडे बाहेरच्या लोकांचं लक्ष गेलं. सेलिसने सरबताचा जुना कारखाना घेऊन तिथे पसारा वाढवला. आणि १९८५मध्ये आग लागली.

विम्याने भागेना. मोठ्या कंपनीने मदतीचा हात दिला, तीच पुढे इंटरब्रू आणि मग इनबेव झाली. सेलिसचं म्हणणं असं की त्या कर्जाच्या जोरावर त्याच्यावर कृती बदलण्याचा, जास्त लोकांना आवडेल अशी करण्याचा दबाव येत गेला. त्याने शेवटी विकून टाकलं. त्यामुळे ‘हूगार्डन’ हे नाव कंपनीचं झालं आणि ज्याच्या हाताला ती चव आठवत होती तो माणूस नावाशिवाय बाहेर पडला. मी कंपनीला खलनायक करणार नाही. आज ही बिअर जगभर मिळते ती त्यांच्या ट्रकमुळे. पण सौदा काय झाला ते पाहा. पैसे आगीच्या नुकसानीचे, आणि मोबदल्यात गेलं गावाचं नाव.

साठी उलटलेला माणूस काय करेल? सेलिस अमेरिकेला गेला. टेक्सासमधल्या ऑस्टिनला १९९२मध्ये त्याची ‘सेलिस व्हाइट’ बाजारात आली. आपल्यापैकी किती जण पन्नाशीनंतर नव्या देशात नवा धंदा काढायचं धाडस करतील? तिथेही तसंच झालं. मिलर कंपनीने ती ब्रुअरी घेतली आणि काही वर्षांनी बंद केली. या वेळी तर नाव त्याचं स्वतःचं, आडनावच, दुसऱ्याच्या मालकीचं झालं. सेलिस २०११मध्ये गेला. त्याची मुलगी क्रिस्टीन हिने २०१७मध्ये ते आडनाव परत मिळवून ऑस्टिनलाच पुन्हा ब्रुअरी सुरू केली.

हूगार्डन गावाचा शेवट मात्र कंपनीला हवा तसा झाला नाही. २००५मध्ये तिथली ब्रुअरी बंद करून उत्पादन दुसरीकडे, जुपिलला, हलवायचं जाहीर झालं. गावकरी रस्त्यावर आले. २००७मध्ये निर्णय मागे घेतला गेला. बिअर अजून त्या गावातच होते.

दरम्यान माळ्यावरची ती कल्पना घराघरांत पसरली. ब्रिटनमध्ये १९६३पासून घरी स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८मध्ये सही केली आणि पुढच्या वर्षापासून तिथे मोकळीक झाली. घरी करणाऱ्यांना हा प्रकार आवडतो, कारण धने आणि साल कुठल्याही वाण्याकडे मिळतात. त्यातूनच १९९५मध्ये मेन राज्यात अ‍ॅलागॅश व्हाइट आणि डेन्व्हरमध्ये ब्लू मून आली. ब्लू मूनच्या ग्लासावर खोचलेली संत्र्याची चकती तुम्ही पाहिली असेल. ती अमेरिकन हौस आहे, बेल्जियमची रीत नव्हे.

आपल्या महाराष्ट्रात हे घरी करता येत नाही. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा, नाव बदलून, अजून लागू आहे, आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे आपल्याकडे गव्हाची बिअर आली ती घरातून नाही, हॉटेलातून. २००९मध्ये पुण्यात डुलाली सुरू झाली, राज्यातल्या पहिल्यावहिल्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक, आणि पुढे पुण्या-मुंबईत त्यांची रांग लागली. २०१५मध्ये बीरा आली. भारतीय कंपनी, भारतीय गिऱ्हाईक, गव्हाच्या बिअरला धन्याचा वास, आणि सुरुवातीचा माल बनत होता बेल्जियममध्ये. धन्याने एवढी मोठी प्रदक्षिणा आजवर कधी घातली नसेल.

हा भाग लिहायला घेतला तो एका श्रोत्या काकूंच्या प्रश्नामुळे. त्यांचा मुलगा मँचेस्टरला असतो, तिथे तो घरी ही बिअर करतो आणि त्याने आईला फोन करून विचारलं, ‘आई, धने कुठले घेऊ?’ काकूंना आधी राग आला, मग उत्तर द्यायची इच्छा झाली, पण त्यांना बिअरमधलं काही ठाऊक नव्हतं. काकू, तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिकडच्या सुपरमार्केटातले धने बहुधा बारीक, गोल, तपकिरी असतात. त्यांनी बिअरला उकडलेल्या भाजीसारखा, कधी चक्क सॉसेजसारखा वास येतो, अशी तिकडच्या जाणत्यांची तक्रार असते. ते स्वतःच सांगतात, इंडियन ग्रोसरीत जा आणि लांबट, फिकट, हिरवट-पिवळे धने आणा. वीस लिटरला वीस-पंचवीस ग्रॅम पुरे. पूड आणायची नाही, आयत्या वेळी जाडसर कुटायचे, आणि भाजायचे नाहीत. घेताना चार दाणे तळहातावर चोळायला सांगा त्याला. लिंबासारखा वास आला तर घ्यायचे. नाही आला तर आमटीला चालतील.